थंडीचं कोकण : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

भाताची झोडणी आटोपली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या की कोकणात थंडीची चाहूल लागते आणि शिमग्यापर्यंत ती निघूनही जाते. मधले दिवस थोडे, म्हणून ते घराबाहेर घालवण्याची हौस मोठी. या वेळच्या पत्रांत पोपटीची पत्रं भरपूर होती, तेव्हा सुरुवात तिथूनच. पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरायची, तोंडात पाला ठासायचा आणि मडकं शेतात उपडं ठेवून भोवती आग लावून शिजवायचं.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात आम्ही शेतावर पहिल्यांदाच पोपटी लावली. एका बाजूच्या शेंगा करपल्या, दुसऱ्या बाजूच्या कच्च्याच राहिल्या. अंडी फुटली आणि सगळ्याला कडवट धुरकट वास लागला. काय चुकलं? (एक वाचक, पेण)

तीन वेगवेगळ्या चुका एकाच मडक्यात झाल्या आहेत. एकेक बघू.

एक बाजू करपली, ती वाऱ्यामुळे. थंडीत रात्री जमीन लवकर गार होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हेच मतलई वारे. उघड्या शेतात मडकं ठेवलं की ज्वाळा पश्चिमेकडे झुकतात. त्या बाजूला मडकं तापून लाल होतं आणि पूर्वेची बाजू नुसतीच कोमट राहते. म्हणून पोपटी बांधाच्या आडोशाला लावा. आडोसा नसेल तर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला गोवऱ्या आणि जाड काटक्या जास्त रचा, पेंढा कमी ठेवा. पेंढा भसकन पेटतो आणि पाच मिनिटांत राख होतो. त्याच्या एकट्याच्या जिवावर शेंगा शिजत नाहीत.

अंडी फुटली, कारण ती मडक्यात सगळ्यात आधी गेली असणार. भरताना जो तळ असतो, तो मडकं उपडं केल्यावर माथा होतो, आणि पेटत्या पेंढ्याची सगळी आच माथ्यावर येते. अंडी नेहमी मधल्या थरात, चारी बाजूंनी शेंगांच्या गादीत ठेवायची. मडक्याच्या भिंतीला ती टेकता कामा नयेत. फ्रिजमधली गार अंडी तशीच घातली तरी तडकतात, म्हणून दोन तास आधी बाहेर काढून ठेवा.

कडवट वास ओल्या जळणाचा. दवाने भिजलेला पेंढा धुमसतो, आणि तोंडाला पाला सैल कोंबला असेल तर तो धूर आत शिरतो. पेंढा आणि पातेरा (वाळून पडलेला पाला) दुपारीच उन्हात पसरून ठेवा आणि संध्याकाळी दव पडण्याआधी झाकून ठेवा. जळणात प्लॅस्टिकची पिशवी, रंगवलेलं लाकूड, थर्माकोल यांतलं काहीही जाऊ देऊ नका.

आता आठ-दहा माणसांसाठी प्रमाण. वालाच्या शेंगा ३ किलो, कोंबडी १ किलो, अंडी १०, लहान बटाटे अर्धा किलो, रताळी अर्धा किलो, खडेमीठ दोन मुठी, ओवा २ चमचे. एवढ्याला साधारण १५ लिटरचं, अरुंद तोंडाचं मडकं लागतं. मडकं बोटाच्या पेराने वाजवून घ्या. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर चिरलेलं असतं. धुतलं असेल तर दिवसभर कडक उन्हात वाळवा. मातीत ओल राहिली तर आचेवर मडकं फुटतं, आणि ते नेमकं अर्ध्या शिजवणीत फुटतं.

शेंगा त्याच दिवशी तोडलेल्या हव्यात. दाणा भरलेला पण साल अजून हिरवी, असा तो टप्पा. पोपटीत पाणी घालत नाहीत. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्याचीच वाफ होते आणि तिच्यावर सगळं शिजतं. पिवळट पडलेल्या, तीन दिवस बाजारात राहिलेल्या शेंगांत तो ओलावा उरत नाही. मग लोक आत पेलाभर पाणी ओततात, आणि हाती येतात मिळमिळीत उकडलेल्या शेंगा. त्यापेक्षा चांगल्या शेंगा मिळेपर्यंत चार दिवस थांबावं. भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर वाढलेला वाल जानेवारीत भरात येतो. पोपटीचा हंगामही तोच.

पाला भांबुर्ड्याचा. भात कापलेल्या शेतात आणि बांधांवर तो आपसूक उगवतो. पानं मऊ, लवदार, आणि चुरगळली की ओव्यासारखा उग्र वास. ओळख वासावरूनच पटते, आणि पहिल्या वेळी गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊनच तोडा. फवारणी झालेल्या भाजीच्या मळ्यालगतचा पाला घेऊ नका.

कोंबडीचे लहान तुकडे करून त्याला आलं-लसूण, हिरवी मिरची, हळद, तिखट, मीठ लावून दोन-तीन तास ठेवा. मग केळीच्या पानात दोन-तीन पुड्या बांधा. भरताना आधी पाल्याचा चार बोटं थर. त्यावर मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगांपैकी तिसरा हिस्सा. मग बटाटे आणि रताळी, पुन्हा शेंगा, मधोमध कोंबडीच्या पुड्या आणि अंडी, वर उरलेल्या शेंगा. शेवटी तोंडात पाला इतका ठासून भरायचा की मडकं उलटं करून हलवलं तरी काही खाली येऊ नये. शाकाहारी मंडळी असतील तर दुसरं मडकं लावा. एकाच मडक्यात वेगळे थर करून भागत नाही, कारण रस खाली उतरतो.

जमिनीत चार-पाच बोटं खोल खळगा करून मडकं उपडं ठेवा. भोवती आधी गोवऱ्या आणि काटक्या, त्यावर पातेरा, पेंढा, सुक्या झावळ्या. आच ३० ते ४५ मिनिटं सारखी राहिली पाहिजे, म्हणून एका माणसाने तिथून हलायचं नाही. जिथे ज्वाळा बसेल तिथे जळण सारत राहायचं. झाली का, हे बघायला मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडा. चर्र आवाज होऊन थेंब तिथल्या तिथे उडाले आणि शेंगांचा खमंग वास सुटला की आग बाजूला ओढा. थेंब सगळ्या बाजूंनी टाकून बघा. एका बाजूला उडाले म्हणून फसू नका. तुमची पोपटी नेमकी तिथेच फसली असावी.

आग काढल्यावर दहा मिनिटं मडकं तसंच राहू द्या. मग ओल्या गोणपाटाने धरून बाहेर काढा आणि काठीने पाला उपसा. त्या वेळी तोंड बाजूला ठेवा, कोंडलेली वाफ एकदम अंगावर येते. कोंबडीचा तुकडा हाडापासून सुटला पाहिजे आणि आत गुलाबी रस दिसता कामा नये. वालाचा दाणाही बोटाने सहज चेपला गेला पाहिजे. कच्चा वाल पोटाला बाधतो. काही कच्चं राहिलंच तर संकोच न करता घरी नेऊन कुकरला लावा.

प्रश्न : आमच्या आंब्याच्या बागेत शेकोटी आणि पोपटी केली तर मोहोराला त्रास होईल का? (दापोली)

झाडाखाली केली तर होईल. खालच्या फांद्यांवरचा मोहोर आचेने होरपळतो आणि उथळ मुळंही भाजतात. झाडांच्या पसाऱ्यापासून तीस-चाळीस फूट दूर मोकळी जागा धरा. भोवतालचं सुकं गवत सहा फुटांपर्यंत काढून टाका आणि पाण्याच्या दोन बादल्या भरून जवळ ठेवा. दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे जोरात सुटतात, तेव्हा आग पेटवूच नका. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, वाळलेलं गवत एका ठिणगीने पेटतं आणि वणवा शेजाऱ्याच्या काजूपर्यंत जायला वेळ लागत नाही. तुडतुडे किंवा भुरीसाठी फवारणी झाली असेल तर त्या दिवसांत मुलांना त्या झाडांखाली बसवू नका.

प्रश्न : सुट्टीत मुलांना घेऊन किनाऱ्यावर लांब फेरफटका मारायचा आहे. दर वेळी पोचतो तेव्हा भरती असते आणि चालायला वाळूच उरत नाही. वेळ कशी ठरवायची? (पुणे, मूळ गाव श्रीवर्धन)

घरातलं पंचांग किंवा कालनिर्णय पुरेसं आहे. त्या दिवसाच्या तिथीला ४८ मिनिटांनी गुणा. जेवढे तास येतील तेवढे वाजता भरती. पंचमी असेल तर ५ गुणिले ४८ म्हणजे २४० मिनिटं, म्हणजे चार तास. पूर्ण भरती पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास, आणि पूर्ण ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी, दहाच्या आसपास. शुद्ध पक्षात आणि वद्य पक्षात हिशोब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना १५ धरा. उत्तर येतं १२, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री भरती. हा ढोबळ हिशोब आहे. अर्ध्या तासाचा फरक पडतोच, आणि जसजसं दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे जावं तशी भरती थोडी आधी येते, तिथे तासभराची सूट धरा.

यातून कामाची गोष्ट निघते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, पण ओहोटीही तितकीच खोल जाते आणि ती पडते सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला ओल्या, घट्ट वाळूचं मैदान मोकळं मिळतं. अष्टमीला याच्या नेमकं उलट, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाणी वर. तुमच्या सहली अष्टमीच्या आसपास पडत असाव्यात. शिवाय अष्टमीचा भांग असतो, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर पायी जायचं तर हा हिशोब नीट करूनच जा. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघायचं आणि ओहोटीनंतर तासाभरात परत किनाऱ्याला लागायचं. भांगाच्या दिवसांत मधलं पाणी पुरेसं ओसरेलच असं नाही. किनाऱ्यावरच्या माणसांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर हट्ट करू नका.

सकाळी नऊ-दहापर्यंत वारा जमिनीकडून असतो आणि समुद्र तळ्यासारखा शांत. तेव्हा अंगात थंडी भरते ती पाठीकडून. रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात जानेवारीतला पहाटेचा पारा साधारण १८ ते २० अंशांत असतो, दापोलीच्या पठारावर त्याहून बराच खाली. जाड स्वेटर एकच घेण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घाला, कारण दहा वाजता ते सगळे काढावे लागतात.

प्रश्न : किनाऱ्यावर तंबू टाकून रात्र काढायची आहे. तंबू कुठे लावावा? मागच्या वेळी आतून सगळं ओलं झालं, पाऊस नसताना. (ठाणे)

आधी ओलाव्याचं. तंबूत झोपलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागून तिचं पाणी होतं, आणि बाहेरून दव पडत असतं ते वेगळं. थंडी वाटते म्हणून लोक सगळ्या चेन बंद करतात, त्यामुळे हाल वाढतात. समोरासमोरच्या दोन खिडक्या वरच्या बाजूला वीतभर उघड्या ठेवा. वरचं आच्छादन आतल्या कापडाला टेकणार नाही इतकं ताणा. खाली अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद तंबूच्या कडेबाहेर येऊ देऊ नका, नाहीतर दवाचं पाणी त्याच्यावरून घसरून थेट तुमच्या पाठीखाली जमतं.

जागा मर्यादवेलीच्या मागे. वाळूवर पसरणारी, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची आणि जांभळ्या फुलांची ही वेल नावाप्रमाणेच समुद्राची मर्यादा दाखवते. तिच्यामुळेच वाळू धरून राहते, म्हणून तंबूसाठी ती उपटू नका. वेल नसेल तर शिंपले, काटक्या आणि वाळलेल्या शेवाळाची जी सर्वांत वरची रेघ दिसते, तिच्या बऱ्याच वर जा. वरच्या उत्तरातला हिशोब इथे जिवाशी गाठ घालणारा आहे. पौर्णिमेला संध्याकाळी सहाला पोचलात तर समोर अफाट कोरडी वाळू दिसते, आणि रात्री बाराला तिथेच उधाणाचं पाणी येतं.

माडाखाली तंबू कधीही नको. नारळ आणि झावळी पडायला वारा लागत नाही. सुरूच्या बनात आडोसा उत्तम मिळतो, पण तिथे आग अजिबात पेटवू नका, सुरूची वाळलेली काडी रॉकेल ओतल्यासारखी पेटते. वाळूत साध्या खुंट्या धरत नाहीत. कापडी पिशवी वाळूने भरून तिला दोर बांधा आणि हातभर खोल पुरा. ग्रामपंचायतीत विचारल्याशिवाय मुक्काम नको. जिथे कासवं अंडी घालायला येतात त्या किनाऱ्यावर तर तंबू नकोच.

प्रश्न : कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघायची आहेत. कुठे आणि कधी जावं? एकदा जाऊन काहीच दिसलं नाही. (चिपळूण)

मंडणगड तालुक्यातलं वेळास, दापोलीतलं आंजर्ले, गुहागर आणि रत्नागिरीजवळचं गावखडी ही यासाठी ओळखीची नावं. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या थंडीत रात्री वाळूवर येतात, हात-दीड हात खोल खड्डा करून साधारण शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि परत जातात. कुत्रे, कोल्हे आणि भरतीपासून वाचवण्यासाठी गावातले कासवमित्र ती अंडी कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात तशाच खोलीवर हलवतात.

पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, आणि तुमची निराशा इथेच दडली आहे. वाळू गार असेल तर दिवस लांबतात, तापली की कमी होतात. त्यामुळे नेमकी तारीख कोणीच देऊ शकत नाही. फेब्रुवारी अखेर ते मार्च हा काळ जास्त भरवशाचा. एक सकाळ ठेवून जाऊ नका, दोन मुक्काम करा म्हणजे चार संधी मिळतात. घरट्यांवर ठेवलेल्या टोपल्या सकाळी आणि संध्याकाळी उचलून बघतात आणि पिल्लं असतील तर त्याच वेळी सोडतात. निघण्यापूर्वी गावात फोन करून घरटी कोणत्या टप्प्यावर आहेत ते विचारा.

तिथे गेल्यावर फ्लॅश आणि बॅटरी बंद. पिल्लू उजेडाकडे वळतं, आणि पहाटेच्या अंधुक प्रकाशात त्याला उजळ दिसायला हवा तो समुद्रच. दोरीच्या पलीकडे पाऊल टाकू नका. तुमच्या टाचेचा खड्डा आपल्याला दिसतही नाही, पण दोन इंचांचं पिल्लू त्यात उलटं पडून हातपाय मारत बसतं. आणि त्याला उचलून पाण्यात सोडण्याची माया आवरा. वाळूवरची ती चाल त्याची त्यानेच चालायची असते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला संरक्षण आहे, हात लावणं हा गुन्हा ठरू शकतो.

प्रश्न : २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो म्हणतात. मग जानेवारीत सकाळी फिरायला निघताना अंधार वाढलेला का वाटतो? आणि संक्रांत १४ जानेवारीला का? (अलिबाग)

तुम्हाला जे वाटतं ते बरोबर आहे. दिवस मोठा होतो तो संध्याकाळच्या टोकाकडून. अलिबाग-मुंबईकडे सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस, सहाच्या सुमारास. सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यात, सव्वासातच्या सुमारास. डिसेंबरच्या २२ तारखेला तो सात वाजून सात-आठ मिनिटांनीच उगवलेला असतो. कारण असं की, सूर्य डोक्यावर येण्याची वेळ वर्षभर सारखी नसते. पृथ्वीची कक्षा थोडी लांबट आणि आस कललेली, त्यामुळे डिसेंबरअखेरीस एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत २४ तासांपेक्षा सुमारे अर्धा मिनिट जास्त लागतो. रोजचा अर्धा मिनिट साठत जातो आणि उगवणं-मावळणं दोन्ही पुढे सरकतात.

संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश, ताऱ्यांच्या हिशोबाने. पृथ्वीची आस भोवऱ्यासारखी हळूहळू फिरते, म्हणून सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. कधीकाळी एकत्र असलेले दोन दिवस असे दूर गेले. आता संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. दोन्ही दिवस साजरे करा. २२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास (सूर्य तेव्हा आपल्याकडे माथ्यावर असतो, बाराला नाही) अंगणात उभ्या काठीच्या सावलीच्या टोकावर खूण करा. तशीच खूण दर महिन्याला करत गेलात तर सावली आखडत जाताना मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

प्रश्न : थंडीच्या आकाशात कोकणातून खास काय बघता येतं? दुर्बीण नाही. (देवगड)

अगस्ती. आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा, आणि दिल्लीकडे तो क्षितिजाला जेमतेम चिकटून असतो. देवगडहून तो दक्षिणेला सुमारे वीस अंश चढतो. हात सरळ ताणून एकावर एक दोन मुठी ठेवल्या की वीस अंश होतात. जानेवारीच्या मध्यात रात्री साडेअकराच्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्यात सव्वानऊच्या सुमारास तो सर्वांत उंच असतो. दक्षिणेकडे गावाचे दिवे नसतील असा सडा किंवा किनारा निवडा, वद्य पक्षातली रात्र धरा आणि मोबाइल खिशात ठेवून डोळ्यांना वीस मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. अगस्तीच्या बराच वर लखलखणारा तारा म्हणजे व्याध, सगळ्यांत तेजस्वी. व्याधाच्या वायव्येला एका ओळीत तीन तारे दिसतात, तो मृगाच्या पोटात घुसलेला बाण.

हेच ते मृग नक्षत्र, ज्याच्यावर पेरणीची वाट बघतो. जूनमध्ये सूर्य त्याच भागात असतो, म्हणून मृग लागतो तेव्हा मृग दिसत नाही. डिसेंबरमध्ये सूर्य समोरच्या बाजूला जातो आणि मृग रात्रभर डोक्यावरून जातो. शेकोटीभोवती बसलेल्या मुलांना एवढं दाखवलं तरी त्यांना पाऊस आणि थंडी एका धाग्यात बांधता येतात.

प्रश्न : किनाऱ्यावर थंडीत येणाऱ्या पांढऱ्या पक्ष्यांना शेव-गाठ्या घालाव्यात का? (मुरूड)

नाही. हे कुरव, लोक त्यांना सीगल म्हणतात, उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडत आलेले असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. त्या प्रवासासाठी त्यांना मासळीची चरबी अंगावर चढवायची असते. तळलेल्या खारट शेवेने पोट भरतं आणि बळ येत नाही. मुलांना पक्षी जवळून दाखवायचे असतील तर सकाळी रापण ओढली जाते तिथे जा. जाळं किनाऱ्याला लागलं की कुरव आपोआप जमतात. पन्नास पावलांवर वाळूत बसून राहा, उभे राहू नका. पाण्याच्या कडेने तुरुतुरु पळणाऱ्या लहान चिखल्याही मग हळूहळू जवळ येतात.